क्रोम-बंपर एमजीबीत रोव्हर ३.५ व्ही-८ बसवायचं आहे: माउंटिंग, गिअरबॉक्स, ॲक्सल, कूलिंग

निळी_रोडस्टर

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, उजव्या हाताची, क्रोम बंपर, १७९८ सीसी. बॉडी उघडून पत्र्याचं काम पूर्ण झालंय, सिल आणि फ्लोअर नवे, त्यामुळे वेल्डिंगची हीच वेळ आहे. समोर रोव्हर एसडी१मधून काढलेलं ३५२८ सीसी व्ही-८ आणि त्याचाच एलटी७७ पाच गिअरचा बॉक्स ठेवलेला आहे. मागचा ॲक्सल मूळचा ट्यूबचा, ३.९०९ रेशोचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे एवढे फेरे झाले की चाकाचा एक. ब्रेक मूळचे, सर्वो (पेडलचा जोर वाढवणारं यंत्र) नाही. चाकं तारांची, ६० स्पोकची.

प्रश्न असे आहेत.

क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) बदलायचा की आहे तोच कापायचा? नंतरच्या रबर-बंपर एमजीबीचा क्रॉसमेंबर मिळतो आहे, तो सरळ बसेल का?

इंजिनाची जागा कशावरून ठरवायची? आधी बॉनेट, आधी स्टीअरिंग शाफ्ट की आधी बल्कहेड (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा)?

३.९०९ ठेवून पाचव्या गिअरवर भागेल, की ॲक्सल बदलावाच लागेल?

एक्झॉस्ट ब्लॉकला चिकटून खाली न्यायचा की आतल्या विंगमधून बाहेर काढायचा?

गाडी रोजच्या वापराची नाही, पण लांब पल्ल्याला आणि गर्दीतही चालली पाहिजे. रेस करायची नाही. मूळ बॉनेट कापायचं नाही, ही एकच अट.

टॉर्क_रेंच

अट योग्य आहे. कारखान्याने १९७३ ते १९७६ दरम्यान २,५९१ एमजीबी जीटी व्ही-८ बनवल्या, त्या सगळ्या नेहमीच्याच बॉनेटखाली. म्हणजे जागा आहे. कार्ब्युरेटर कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. त्यांनी दोन एचआयएफ६ एसयू कार्ब्युरेटर एका खास ॲडॉप्टरने मागे, बल्कहेडच्या बाजूला नेले होते. एसडी१चं मूळ इनलेट मॅनिफोल्ड वर दोन्हीकडे कार्ब्युरेटर घेऊन उभं राहतं, ते तुमच्या बॉनेटखाली बसणार नाही. त्यामुळे मॅनिफोल्ड आधी ठरवा. ते हातात नसताना इंजिनाची उंची ठरवली तर ते काम दोनदा करावं लागतं.

क्रॉसमेंबर: रबर-बंपरचा घेऊ नका. त्या गाड्यांची उंची वाढवण्यासाठी क्रॉसमेंबरच बदललेला आहे, त्यामुळे तुमच्या गाडीचं नाक वर येईल. रॅकची आणि स्टीअरिंग शाफ्टची जागाही वेगळी, म्हणजे कॉलमपर्यंत काम जातं. तुमच्या क्रॉसमेंबरवर फोर-सिलिंडरच्या माउंटिंगचे जे दोन खांब आहेत ते कापून टाका, कापलेली जागा प्लेटने बंद करून पूर्ण वेल्ड करा आणि नवी माउंटिंग चासी रेलवर घ्या. रबर-बंपर गाड्यांत आणि कारखान्याच्या व्ही-८मध्ये माउंटिंग रेलवरच आहेत, त्यामुळे त्यांचा आकार डोळ्यांसमोर ठेवून ब्रॅकेट बनवता येतात.

ब्रॅकेट ४ ते ५ मिमी प्लेटचे, पण ते सरळ रेलच्या पत्र्यावर चढवायचे नाहीत. रेलचा पत्रा त्या मानाने पातळ आहे. आधी ३ मिमीची डब्लिंग प्लेट, ब्रॅकेटच्या बाहेर चारही बाजूंनी ३०-४० मिमी सरकलेली, कोपरे गोल केलेली. चौकोनी कोपऱ्यापाशी ताण साठतो आणि भेग तिथूनच सुरू होते. प्लेटला मध्ये तीन-चार भोकं पाडून प्लग वेल्डही घ्या.

जागा ठरवण्याचा क्रम. गाडी चारही चाकांवर, सस्पेन्शनवर पूर्ण वजन. बॉनेट किंवा सीट जागेवर नसेल तर तेवढ्याच वजनाचं लोखंड किंवा वाळूची पोती ठेवा, कारण पुढे प्रोपेलर शाफ्टचा कोन यावरूनच निघणार आहे. रिकामा ब्लॉक, दोन्ही हेड, मॅनिफोल्ड, संप (खालचं ऑइलचं भांडं), फ्रंट कव्हर, बेल हाउसिंग आणि आतून रिकामा गिअरबॉक्स केस, एवढंच घेऊन मापं घ्या. क्रँक आणि पिस्टन काढलेले असले की दोन माणसं हे ओझं सहज हलवू शकतात आणि ते दहा वेळा आत-बाहेर करावं लागतंच.

मग पहिलं माप मागचं: हेडच्या मागच्या कडेपासून बल्कहेडपर्यंत २० ते २५ मिमी. क्रोम-बंपर बॉडीत बल्कहेडची कड आणि आतल्या विंगचा थोडा पत्रा ठोकून मागे घ्यावा लागतो, तुम्ही सोडून दिलेलं असेल तर रंगापूर्वी करा. दुसरं माप खालचं: संपची खोल बाजू क्रॉसमेंबरच्या मागे पडली पाहिजे, दोघांत किमान १५ मिमी. तिसरं स्टीअरिंग शाफ्टचं. बॉनेट सगळ्यात शेवटी. एअर क्लीनरवर मळलेल्या मातीचे चार-पाच गोळे ठेवून बॉनेट बंद करायचं, उघडून गोळ्यांची जाडी मोजायची. २० मिमीपेक्षा कमी नको.

स्टीअरिंगबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. उजव्या हाताच्या गाडीत उजव्या बँकेचं (सिलिंडरच्या दोन ओळींपैकी उजवीचं) मॅनिफोल्ड शाफ्टच्या बाजूला येतं. क्रँक समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून जोर दिल्यावर ब्लॉक उलट दिशेने कलतो, म्हणजे उजवी बँक खाली आणि डावी वर. नेमकी शाफ्टच्या दिशेने. उभ्या गाडीत ८ मिमी अंतर दिसलं म्हणून समाधान मानू नका. पूर्ण लोडखाली १५ मिमी राहील असं ठेवा. तपासायला ब्लॉकच्या उजव्या बाजूवर पहारीने दाब द्या आणि शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. मध्ये जास्तीचा जॉइंट टाकावा लागला, म्हणजे एकूण तीन झाले, तर मधल्या तुकड्याला सपोर्ट बेअरिंग हवंच. नाहीतर शाफ्ट मध्ये वाकून हातात ढिलेपणा येतो, आणि स्टीअरिंगच्या बाबतीत ते चालवून घेता येत नाही.

सगळी मापं जुळल्यावर ब्रॅकेट फक्त टॅक करा (वेल्डिंगचे दोन-चार ठिपके), इंजिन काढा, रबरासह पुन्हा ठेवा, पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग.

पाचवा_गिअर

ॲक्सलचं गणित मांडतो, मग निर्णय तुमचा.

१७५ आर १४ टायर रस्त्यावर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो. एलटी७७चा पहिला ३.३२, चौथा सरळ १.००, पाचवा ०.८च्या आसपास.

३.९०९ ठेवलात तर चौथ्यात १००० आरपीएमला ताशी ३० किमी, पाचव्यात ३७. म्हणजे ताशी १०० किमीला पाचव्यात सुमारे २,७०० आरपीएम. ऐकायला ठीक वाटतं. पण पहिला गिअर बघा: ३.३२ गुणिले ३.९०९ म्हणजे १३. १००० आरपीएमला ताशी ९ किमी. ५,२०० आरपीएमवर, जिथे या इंजिनाची ताकद संपते, तिथे तुम्ही ताशी ४७ किमीवर असता. अडीच हजार आरपीएमला जे इंजिन जवळपास २७० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, त्याला असा पहिला गिअर दिला तर गाडी हलताक्षणी दुसरा टाकावा लागतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं नुसती फिरतात.

३.०७ला, जो कारखान्याने जीटी व्ही-८ला दिला होता, चौथ्यात १००० आरपीएमला ताशी ३८ किमी आणि पाचव्यात ४७-४८. ताशी १०० किमीला २,१०० आरपीएम. पहिल्यात ५,२००ला ताशी ६०. या इंजिनासाठी हाच रेशो घडवलाय असं वाटतं. मधला मार्ग ३.३१, तो १९९२ नंतरच्या आरव्ही८ला, म्हणजे एमजीबीच्याच नंतरच्या व्ही-८ रूपाला, होता. त्यात पाचव्यात १००० आरपीएमला ताशी ४४ किमी. गर्दी आणि लांब पल्ला दोन्ही हवं म्हणता, तर माझं मत ३.३१ला. ३.०७ पाचव्यात ताशी ६०च्या खाली वापरता येत नाही, इंजिन कुंथतं.

क्राउन आणि पिनियन जोडी म्हणून जुळवलेलेच घ्या, वेगवेगळ्या ठिकाणचे एकत्र करू नका. बॅकलॅश डायल गेजने, दातांवर रंग लावून छाप बघून. पिनियन बेअरिंगचा प्रीलोड नुसत्या हाताच्या अंदाजाने ठेवलेला ॲक्सल काही महिन्यांत किंचाळायला लागतो.

गिअरबॉक्स एलटी७७च ठेवा. मूळ चार गिअरचा ओव्हरड्राइव्हचा बॉक्स वापरावा का, असं पुढे कोणीतरी विचारेल, म्हणून आत्ताच लिहितो: कारखान्याने तो व्ही-८ला वापरला, पण ओव्हरड्राइव्ह फक्त चौथ्यावर ठेवून, तिसऱ्यावरचं काढून टाकलं. या टॉर्कपुढे त्याची मर्यादा त्यांना माहीत होती. एमजीच्या स्वतःच्या आरव्ही८मध्ये सुरुवातीला एलटी७७ आणि नंतर आर३८० होता, एवढं पुरेसं आहे.

टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) बेल हाउसिंगपाशी रुंद आणि थोडा उंच करावा लागेल. हातोडीने फुगवण्यापेक्षा वरचा भाग कापून नवा तुकडा घाला. फुगवलेला पत्रा पातळ होतो आणि तिथेच ड्रायव्हरचा पाय असतो. बॉक्सवरून हात सहज जाईल, २० मिमी, इतकी जागा सगळीकडे सोडा. रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर आणि स्पीडोमीटरची केबल विसरली जाते, त्या दोन्ही बॉक्सच्या बाजूला निघतात आणि टनेल बंद झाल्यावर हात जात नाही.

प्रोपेलर शाफ्ट नवा बनवावा लागेल. लांबी मोजताना गाडी चाकांवर, स्लिप जॉइंट पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिमी बाहेर घ्या, तिथून पिनियन फ्लँजपर्यंत माप. कोन: गिअरबॉक्सचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर, फरक १ अंशाच्या आत, आणि शाफ्टशी प्रत्येकाचा कोन ३ अंशांच्या आसपास. दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच रेषेत. एकाला दुसऱ्यापेक्षा दाताभर सरकवून जोडलं तर ताशी ७०-८०ला जी थरथर येते ती कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही.

हायड्रॉलिक

वरच्यात क्लच राहिला. बहुतेक गाड्या इंजिन चालू झाल्यावर इथेच अडकतात: क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर कुरकुरतो, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) एमजीबीचा, स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) एसडी१चा, म्हणजे बोअर जुळत नाहीत. स्लेव्हचा प्रवास म्हणजे मास्टरचा प्रवास गुणिले मास्टरच्या बोअरचा वर्ग भागिले स्लेव्हच्या बोअरचा वर्ग. मास्टर १९ मिमी आणि स्लेव्ह २२ मिमी असेल तर मास्टर २५ मिमी सरकल्यावर स्लेव्ह १८.६ मिमीच सरकतो. तुमच्या फोर्कला किती हवं ते बॉक्स बाहेर असतानाच मोजून घ्या, प्लेट पूर्ण सुटते तिथपर्यंत. कमी पडलं तर मास्टर एक नंबर मोठा. पेडल थोडं जड होईल. पेडलचा लीव्हर वाकवून प्रवास वाढवायचा प्रयत्न करू नका.

ब्रेक: कारखान्याने व्ही-८ला पुढची डिस्क जाड आणि कॅलिपर मोठा दिला. मूळ डिस्क नवी असताना सुमारे ९ मिमी, व्ही-८ची सुमारे साडेबारा. व्यासात फारसा फरक नाही; उष्णता झेलायला जाडीच कामाची. तेवढं करा आणि सर्वो बसवा. व्हॅक्यूमची नळी इनलेट मॅनिफोल्डच्या मुख्य पोकळीतून घ्या, एका सिलिंडरच्या रनरमधून नको, नाहीतर तेवढा एक सिलिंडर ब्रेक दाबताना लीन होतो, म्हणजे त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं.

पुढचे स्प्रिंग कडक करू नका. हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, तुमच्या लोखंडी फोर-सिलिंडरपेक्षा जड नाही. व्ही-८ म्हटलं की पुढचा भाग जड होणार असा जो समज आहे तो या इंजिनाला लागू नाही. मागे मात्र लीफ स्प्रिंग जोर दिल्यावर एस आकारात वळतात आणि ॲक्सल उड्या मारतो. पाटे जुने असतील तर नवे, आणि गरज वाटली तर या उड्या रोखणारे अँटी-ट्रॅम्प बार.

तारांची ६० स्पोकची चाकं या टॉर्कला वापरू नका. कारखान्याने व्ही-८ला तारांची चाकं दिलीच नाहीत. तारांचीच हवी असतील तर ७२ स्पोकची, हबचे स्प्लाइन (चाक अडकतं ते दाते) नवे. झिजलेल्या स्प्लाइनवर एवढा टॉर्क म्हणजे एक दिवस हब फिरेल आणि चाक उभं राहील.

निळी_रोडस्टर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. ३.३१ ठरवतो. रबर-बंपरचा क्रॉसमेंबर घेत नाही.

इंजिनावर डिपस्टिकजवळ ९.३५ असा आकडा ठोकलेला आहे. तो कॉम्प्रेशनच असावा? हेड काढायचे आहेत कारण व्हॅलीत (दोन बँकांमधल्या खाचेत) काळा चिकट गाळ आहे. हायड्रॉलिक टॅपेट (कॅमवर बसून व्हॉल्व्ह हलवणारे) परत वापरता येतील का? कार्ब्युरेटरसाठी चार बॅरलचा विचार आहे, ३९० की ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा)? आणि एक्झॉस्ट, कूलिंगवर अजून कोणी लिहिलं नाही.

व्हॅली_गॅस्केट

हो, कॉम्प्रेशनच. ९.३५ म्हणजे एसडी१चं, मूळ ताकद १५५ बीएचपी. रेंज रोव्हरच्या ८.१३च्या इंजिनापेक्षा तुमच्यासाठी कितीतरी चांगलं. हेडही एसडी१चे, त्यांचे व्हॉल्व्ह रोव्हरच्या आधीच्या पी६ गाडीपेक्षा मोठे.

काळा गाळ म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही. अशा इंजिनात पहिला बळी कॅमशाफ्ट. टॅपेटचा तळ बघा: नवा असताना अगदी किंचित फुगीर असतो. सपाट किंवा खोलगट झाला असेल तर कॅमचे लोबही गेलेच. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीही नाही, आणि जुने टॅपेट जुन्याच कॅमवर ठेवायचे तर प्रत्येक आपल्याच जागी. गाळ आहे म्हणता, तर कॅम, सोळा टॅपेट आणि टायमिंग चेन तिन्ही बदला. चेन इतकी ढिली झालेली असते की हाताने पाहिली तरी कळतं.

हेड गॅस्केट दोन प्रकारचं मिळतं: पातळ पत्र्याचं आणि जाड कंपोझिट. कंपोझिट जास्त जाड, म्हणजे ते घातलं की कॉम्प्रेशन उतरतं. हेड किंवा ब्लॉक थोडा स्किम करून (पृष्ठभाग मशीनवर घासून) भरून काढा, पण जास्त स्किम केलं तर इनलेट मॅनिफोल्ड व्हॅलीत नीट बसत नाही, तेव्हा मॅनिफोल्डच्या बोल्टची भोकं समोरासमोर येतात का ते हेड हलकेच बसवून आधी पाहून घ्या.

तुमच्या हेडला प्रत्येकी १४ बोल्ट आहेत. आतल्या बोल्टना ८८ ते ९५ न्यूटन-मीटर, अगदी बाहेरच्या, एक्झॉस्टकडच्या खालच्या ओळीला पुस्तिकेत ५४ ते ६१. ही बाहेरची ओळ हेडला बाहेरच्या बाजूला खेचते आणि व्हॅलीकडची बाजू उचलायला बघते, तिथूनच गॅस्केट जातं. नंतरच्या इंजिनांत रोव्हरने ती ओळ काढून १० बोल्टच ठेवले. म्हणून बाहेरची ओळ पुस्तिकेच्या खालच्या आकड्यावर, त्याहून वर नाही, आणि ती सगळ्यात शेवटी. बोल्टची भोकं आरपार नसून बंद असतील तिथे तळाशी ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका, घट्ट करताना ब्लॉक तडकतो.

कार्ब्युरेटर. २१५ घन इंच गुणिले ५,५०० आरपीएम, ३,४५६ने भागा: ३४२ सीएफएम, तेही शंभर टक्के भरण धरून. ३९० पुरेसा आहे आणि खालच्या आरपीएमला त्याचा प्रतिसाद जास्त नेमका. ५०० चालतो, पण जेट आणि मीटरिंग रॉड बदलून बसवावा लागतो, सरळ डब्यातून काढून लावला तर रिच चालतो, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. चार बॅरल असो वा एसयू, इंधनाचा दाब बघा. एसयूला साधारण ३ पीएसआयच्या आत हवा, चार बॅरलला ५ ते ६. मूळचा एसयू पंप प्रवाहाला पुरतो, या इंजिनाला पूर्ण जोरात तासाला ४५ लिटरच्या आसपास लागतं. पण चार बॅरलला त्याचा दाब कमी पडतो. उलट जास्त दाबाचा पंप एसयूला जोडला तर फ्लोट चेंबर भरून पेट्रोल एक्झॉस्टवर सांडतं. हे आग लागायचं कारण आहे, तेव्हा रेग्युलेटर आणि गेज दोन्ही लावा.

थर्मोस्टॅट_८२

एक्झॉस्ट आणि कूलिंग एकत्र विचार करायच्या गोष्टी आहेत, कारण या गाडीत उष्णता रेडिएटरमधून जेवढी जाते तेवढीच इंजिनाच्या खोलीत अडकते.

ब्लॉकला चिकटून खाली जाणारे मॅनिफोल्ड बसवायला सोपे, पत्रा कापावा लागत नाही. पण स्टार्टर, स्टीअरिंग शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या सगळं त्याच फटीत, आणि गरम झालेला स्टार्टर ट्रॅफिकमधून थांबून परत सुरू करताना फिरत नाही. आतल्या विंगमधून बाहेर काढून चाकाच्या मागून खाली नेणारे, आरव्ही८च्या पद्धतीचे मॅनिफोल्ड उष्णता बाहेर टाकतात, स्टीअरिंग मोकळं राहतं. तुमची बॉडी उघडी आहे, रंग व्हायचाय, तर विंगमधूनच काढा. भोकाच्या कडेला गोल तार किंवा पट्टी वेल्ड करून कड मजबूत करा, नाहीतर तिथून विंग फाटते. चाक पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर पाइपपासून ३० मिमी दूर राहतो का बघा. तो पाहायचा राहिला तर पहिल्या खड्ड्यात टायर जळतो.

गर्दीत चालवणार म्हणता, म्हणून रेडिएटर पुढे. तुमच्या गाडीत तो इंजिनाच्या जवळ आहे. कारखान्याने व्ही-८मध्ये तो पुढे सरकवला आणि मेकॅनिकल फॅन काढून दोन इलेक्ट्रिक फॅन लावले. तेच करा. ऑइल कूलरची जागा त्यामुळे बदलेल. रेडिएटरच्या चारही बाजूंनी फोम किंवा पत्रा लावून फटी बंद करा. हवा सोपा रस्ता शोधते, फट ठेवली की जाळीतून न जाता बाजूने निघून जाते, आणि मग कितीही मोठा रेडिएटर लावला तरी काटा चढतोच.

८२ अंशांचा थर्मोस्टॅट. फॅनचा स्विच रेडिएटरच्या टाकीत, ९०च्या आसपास लागणारा, आणि हातानेही लावता येईल असा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. पाणी रेडिएटरमधून नुसतं धावतं आणि इंजिन कधी कामाच्या तापमानाला येत नाही.

पाणी भरताना हवा अडकणं हा या अदलाबदलीतला सगळ्यात नेहमीचा त्रास. थर्मोस्टॅटचा एल्बो इनलेट मॅनिफोल्डवर वर असतो, रेडिएटर बॉनेटच्या उतारामुळे खाली. म्हणजे हवा इंजिनात राहते आणि हेडचा मागचा भाग कोरडा तापतो. एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच जागी ठेवा. भरताना नाक वर उचला, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, एल्बोचा पाइप काढून तिथूनच भरा. हीटरचा व्हॉल्व्ह तुमच्या जुन्या इंजिनाच्या हेडवर बसवलेला होता, व्ही-८ला तशी जागा नाही, तेव्हा तो पाइपमध्ये मध्ये घ्यावा लागेल.

कूलंट निम्मा, पाणी निम्मं, बाराही महिने. ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये साधं पाणी घालणं म्हणजे आतून पोखरू देणं. थंडी नसलेल्या प्रदेशातही कूलंट हवाच, तो गंजासाठी आहे.

अर्थिंग

विजेचं थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका.

इंजिन आता रबरावर बसलंय. ब्लॉकपासून बॉडीला जाड अर्थ पट्टा नसेल तर स्टार्टरचा सगळा करंट ॲक्सिलरेटर किंवा चोक केबलमधून परतीचा रस्ता धरतो आणि केबल लाल होते. पट्टा दोन ठिकाणी लावा, रंग खरवडून.

१९७२च्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्याऐवजी एक १२ व्होल्टची आणि पुढे जाणारी केबल किमान ५० चौरस मिमीची. गिअरचा स्टार्टर मिळाला तर तोच घ्या, आकाराने लहान आणि एक्झॉस्टपासून दूर राहतो.

टॅकोमीटर दुप्पट दाखवेल. फोर-सिलिंडरला क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या, आठला चार. आतलं सर्किट बदलून घ्यावं लागतं. स्पीडोमीटरही गिअरबॉक्स आणि ॲक्सल दोन्ही बदलल्यामुळे चुकणार, तो मोजलेल्या अंतरावर चाक फिरवून केबलचे फेरे मोजून नव्याने जुळवायचा.

इग्निशनची ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या सीटवरून पाहता डाव्या बँकेत १, ३, ५, ७, उजव्या बँकेत २, ४, ६, ८. पाच आणि सात शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात; त्यांच्या प्लग वायर समांतर एकमेकीला चिकटवून बांधल्या तर एकीतली ठिणगी दुसरीत उतरते. वेगळ्या ठेवा.

टॉर्क_रेंच

पहिल्यांदा सुरू करताना काय करायचं ते लिहितो, कारण नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांतच टिकतो किंवा जातो.

ऑइल पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, पोकळी राहता कामा नये. या इंजिनाचा पंप कोरडा असला तर स्वतःहून ऑइल ओढत नाही. तुमच्या इंजिनात पंप डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टवरून फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटर काढून ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवा. ड्रिल अचानक जड लागलं की दाब आला. रॉकरवर दोन्ही बाजूंना ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. फिल्टर क्रॉसमेंबरला लागत असेल तर रिमोट फिल्टर करावा लागेल. त्याच्या नळ्या आत-बाहेर उलट्या जोडल्या गेल्या नाहीत ना, ते याच वेळी कळतं.

कॅमच्या लोबवर असेंब्ली पेस्ट, जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल. टायमिंग आधीच स्थिर ६ अंशांवर लावून ठेवा. फ्लोट चेंबर भरलेला, कूलंट भरलेलं, फॅनची वायर हाताच्या स्विचवर. म्हणजे स्टार्टर एकदा फिरवला की इंजिन पेटलं पाहिजे. तो मिनिटभर फिरत राहिला तर लोबवरची पेस्ट पुसून जाते. पेटताच २,००० ते २,५०० आरपीएम, वीस मिनिटं, थोडं वर-खाली करत. आयडलला सोडू नका, कारण या कॅमला ऑइल क्रँकच्या उडण्यातून मिळतं आणि कमी आरपीएमला ते पोचत नाही. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, उरलेली मिनिटं पुन्हा त्याच आरपीएमवर.

टॅपेटचा आवाज पहिली काही मिनिटं येईल, हवा निघेपर्यंत. वीस मिनिटांनंतरही एकच टकटक राहिली तर तो टॅपेट काढून बघा. ऑइलचा दाब गरम इंजिनाला २,४०० आरपीएमवर ३० ते ४० पीएसआय. आकडा तुम्हाला फोर-सिलिंडरच्या मानाने कमी वाटेल, या इंजिनाला तो बरोबर आहे. स्प्रिंग कडक करून वाढवू नका.

नंतर ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून कागद उलगडा. बारीक चमचमणारे कण चालतात, चिमटीत धरता येतील असे तुकडे चालत नाहीत. टायमिंग लाइटने ३,५०० आरपीएमला एकूण २८ ते ३० अंश. ३००-४०० किमीनंतर माउंटिंगचे बोल्ट, मॅनिफोल्ड, प्रोपेलर शाफ्टचे फ्लँज पुन्हा आवळा आणि रेलवरच्या डब्लिंग प्लेटच्या कडा रंग खरवडून भेगांसाठी बघा.

निळी_रोडस्टर

कॅम, टॅपेट, चेन बदलतो. एक शेवटचं: मॅनिफोल्डसाठी विंग कापायची ती इंजिन टॅक केल्यानंतर की आधी?

थर्मोस्टॅट_८२

टॅक केल्यानंतर, रबरं आणि खरे मॅनिफोल्ड लावून. पाइपची मधली रेषा विंगवर आखा, भोवती २० मिमी धरून कापा, आणि उजव्या बाजूला खालच्या अंगाने आणखी १० मिमी जास्त सोडा. ती बँक जोर दिल्यावर खाली येते.